झाकण बाजूला ठेवणाऱ्या अवसरमोलबाई

मेहकरला भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा अवसरमोलबाईंनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या मोबाईलचा चार्जर उघडला.

इथल्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती, म्हणून त्या दिवशी मी सकाळपासून घरं पाहत फिरत होतो. प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा लग्नाचा. फिरून फिरून मोबाईल बंद पडला होता, म्हणून चार्जर हातातच धरून हिंडत होतो. अवसरमोलांच्या ओसरीवर एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला आणि सुतार जसा कानामागे पेन्सिल ठेवतो तसा कानामागे एक छोटा पेचकस.

"खोली हाय जी," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या हातात ते काय हाय? किती व्होल्टचा?"

मी इतिहासात एम. ए. "पांढरा आहे," मी म्हणालो.

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, फटीत पेचकस घातला, मनगटाला एक हिसका दिला आणि चार्जरचे दोन तुकडे झाले.

"बाई, तो चालू आहे!"

"हो ना. बंद असता तं मी काऊन घेतला असता?"

माझं पुढचं वाक्य तयार व्हायच्या आत त्या आतल्या खोलीत गेल्या होत्या. मी चार्जरच्या मागे गेलो. आत खाटेवर एक धिप्पाड गृहस्थ उताणे पडलेले होते. मान तेवढी हलत होती आणि डोळे फार जागे होते. बाईंनी चार्जरच्या पोटातली हिरवी प्लेट काढून भिंतीवरच्या एका घंटीला जोडली, दोन ठिकाणी कथलाचे डाग दिले आणि घंटीचं बटण त्या गृहस्थांच्या डाव्या हातात ठेवलं.

"हे आमचे डायवरसाहेब," त्यांनी ओळख करून दिली. "यायचा उजवा हात, उजवा पाय अन् जबान, तिघंही एकाच दिवशी सुट्टीवर गेले. अजून हजर झाले नाई. आवाज देता येत नाई म्हून घंटी. दाबा हो."

गृहस्थांनी बटण दाबलं नाही. मग बाईंनीच दाबलं. घंटीतून चिमणी ओरडली.

"वाजते ना? वाजते. मंग?"

गृहस्थ छताकडे पाहू लागले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खोली मागच्या बाजूनं हाय, सर. पाहून घ्या."

मी ती खोली घेतली. घ्यावीच लागली. माझा चार्जर त्यांच्या भिंतीवर होता.

अवसरमोलबाई एसटीत कंडक्टर. नाव रत्नमाला, पण गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरबाईच म्हणत. नवरा भिकाजीराव त्याच डेपोत ड्रायव्हर. गल्लीतले लहानथोर त्यांना भाऊ म्हणत. भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून बाई लांब रजेवर होत्या आणि आता ती रजा संपत आली होती. शेजारच्या घरात भाऊंची बहीण, शकुंतलाबाई, राहायच्या. दोन घरांमध्ये एकच भिंत. बाई ड्यूटीवर गेल्या तर भाऊंकडे बघायला शकुंतलाबाई तयार होत्या. पण त्यांची एक अट होती.

"त्यानं आवाज देला तं मी हातातली भाकर टाकून येईन," त्या म्हणत. "पण तो मुका पडून राह्यला तं मले कसं समजन? मी काय दिवसभर त्याच्या तोंडाकडं पाहत बसू?"

अट रास्त होती. एकदा बाई दळण आणायला गेल्या असताना भाऊ पाण्यासाठी स्वतःच उठायला गेले आणि खाटेवरून खाली पडले. कोणालाही न बोलावता तसेच पडून राहिले. तेव्हापासून बाईंनी एकच ध्यास घेतला होता: भाऊंनी घंटी वाजवायला शिकायचं. ते शिकले तर बाई पुन्हा गाडीवर जाणार. नाही शिकले तर नोकरी सोडणार. मधला रस्ता नव्हता.

आणि नोकरी सोडून अवसरमोलबाई घरी बसतील, ही कल्पनाच गल्लीला झेपत नव्हती. कारण त्या बसतच नसत.

मी त्यांना कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही. आयुष्य चालत्या गाडीत गेलेलं. घरातही त्या पाय थोडे फाकवून, कमर कपाटाला टेकवून उभ्या राहायच्या. जणू पुढच्या वळणावर घर कलंडणार आहे. भाजीला फोडणी दिली की तेवढ्यात कोणाचा तरी रिमोट उघडायचा, भाजी खाली उतरवली की रिमोट बंद करायचा. मधल्या काळात त्या रिमोटच्या बटणांशी बोलत. "चला, पुढं सरका, पुढं सरका, मागं लय जागा हाय." बारीक स्क्रू हवा असला की शेजाऱ्यांना हाक मारून विचारत, "सुट्टे हायेत का?" आणि वस्तू चालू झाली की तोंडानेच "टिंग टिंग" करत. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की गाडी निघते, तसं.

मी पिंपळगाव राजा ह्या गावचा. आमच्या घरी कॉलेजात जाणारा मी पहिला आणि घरातल्या विजेच्या वस्तूही माझ्याच वयाच्या. त्यांना आम्ही पाहुण्यासारखं वागवायचो. पंखा बंद पडला तर वडील त्याच्याकडे अदबीनं पाहत बसत. हात लावत नसत. त्यामुळे बाईंचं हे वागणं पाहून सुरुवातीला माझा जीव दडपायचा. मी नवीन मिक्सर आणला तर खोक्यातून निघून तो आधी बाईंच्या ओसरीवर गेला.

"बाई, तो अजून वापरलासुद्धा नाही. उघडलात तर गॅरंटी जाईल."

"मी कुठी उघडला?" बाई त्याच्या तळाचे स्क्रू वाटीत टाकत म्हणाल्या. "मी तं फक्त झाकण बाजूला ठेवलं."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्याला इतिहास होता. बसमध्ये एकदा एका माणसाच्या कॅनमधलं दूध त्यांच्या तिकिटाच्या मशीनवर सांडलं होतं. मशीन गप्प झालं. बाईंनी पुढच्या सीटवर बसून, चालत्या गाडीत, केसातल्या आकड्यानं त्याचं पोट मोकळं केलं आणि भाऊंच्या शेजारी इंजिनाच्या गरम बॉनेटवर ते वाळत घातलं. लोणार येईपर्यंत मशीन बोलू लागलं. पण गरम झालं की गाडीला बऱ्यापैकी खरवसाचा वास यायचा, आणि त्या वासावरून डेपोत साहेबांना शंका आली.

"तुम्ही मशीन उघडलं?" साहेबांनी विचारलं.

"नाई साहेब. झाकण बाजूला ठेवलं."

साहेबांनी समज दिली. बाईंनी ती ऐकून घेतली, आणि ऐकता ऐकता साहेबांच्या टेबलावरचा कडकड वाजणारा पंखा हातात घेऊन त्याचंही झाकण बाजूला ठेवलं.

आता हे सगळं ऐकून कोणाचा समज होईल की बाईंच्या हाताला फार गुण होता. तसं अगदी नव्हतं. वस्तू चालू व्हायची, हे खरं. पण ती बाईंच्या मनाप्रमाणे चालू व्हायची. माझ्या पंख्याचं रेग्युलेटर त्यांनी दुरुस्त केल्यापासून तो एकवर सुसाट सुटायचा आणि पाचवर पेंगायचा. शकुंतलाबाईंच्या टीव्हीचा आवाज वाढवला की चित्र हिरवं पडायचं. "उलटं लागलं," बाई मान्य करत. "पण लागलं ना?" शकुंतलाबाई एरवी भावजयीला सोडत नसत. "माह्या सिरियलमधली सासू आवाज चढवला का बेडकावानी हिरवी होते," त्या म्हणत. पण टीव्ही दुसरीकडे दुरुस्तीला दिला नाही त्यांनी. चित्र बिघडलं की भिंतीवर थाप मारून पुन्हा इकडेच हाक द्यायच्या.

वैशाखी पौर्णिमेच्या कार्यक्रमात विहारात मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. म्हणजे सुरुवातीला बसलो होतो. वंदना झाली, पाहुण्या वक्त्यांचं भाषण सुरू झालं, आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी येऊ लागली. बाईंची मान वर झाली. मी हळूच म्हणालो, "बाई, राहू द्या, ऐकू येतंय." त्या म्हणाल्या, "हो, येऊन राह्यलं," आणि शेजारची जागा रिकामी झाली. वक्ते चित्त एका जागी कसं स्थिर ठेवावं हे समजावून सांगत होते. आणि त्यांच्या पायांशी, पांढऱ्या कापडाच्या टेबलाखाली, पांढऱ्या साडीतल्या अवसरमोलबाई दातांत टेस्टर धरून रांगत होत्या. शिट्टी थांबली. टेबलाखालून "टिंग टिंग" ऐकू आलं. वक्ते दचकले आणि त्यांनी भाषण आवरतं घेतलं.

पण घरी आल्यावर ही सगळी धांदल एका दारापाशी येऊन थांबायची. भाऊंच्या खोलीच्या.

चिमणीची घंटी फुकट गेली, तेव्हा बाईंना वाटलं आवाज पसंत पडला नसेल. त्यांनी लहान मुलांच्या खेळण्यातलं गाणं बसवलं. भाऊंनी दाबलं नाही. मग टेम्पो मागे घेताना वाजते ती धून आणली. ती एवढी मोठी होती की शकुंतलाबाईंच्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. पण तीही बाईंनीच दाबल्यावर. मग त्यांना वाटलं, बटण जड जात असेल. त्यांनी आतली स्प्रिंग काढून दुसरी घातली, तीही घासून घासून नरम केली.

"आता पाहा सर," त्या म्हणाल्या, "माशी बसली तरी वाजन."

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. बाई पाण्याच्या टाकीपाशी होत्या. घागर तिथेच टाकून धावल्या. शकुंतलाबाई पिठाच्या हातांनी धावल्या. मी वह्या तपासत होतो, मी धावलो. गल्लीतली आणखी माणसं धावली, कारण ह्या घंटीची वाट आता सगळेच पाहू लागले होते. आम्ही दारात गर्दी केली. बाई सगळ्यांच्या पुढे, धापा टाकत, चेहरा नुसता उजळलेला. "काय पाह्यजे? पाणी देऊ? बोला ना!"

भाऊंचा हात उशीखाली होता. बटणावर माशी बसली होती.

कोणी हसलं नाही. शकुंतलाबाईंनी पदरानं माशी हाकलली. "झालं, तुह्या बोलाले फळ आलं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही हळू.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. बाई आधीच एका जागी थांबत नसत, आता त्या एका कामातही थांबेनात. रेडिओ उघडून ठेवत आणि इस्त्रीकडे वळत. इस्त्री अर्धी सोडून घंटीकडे. ओसरीवर पोटं उघडी पडलेली यंत्रं वाढत चालली. डेपोतून निरोप आला होता: हजर व्हा, नाहीतर काय ते कळवा.

मग एक दिवस त्या भंगारातून पितळी घंटी घेऊन आल्या. जुन्या बसमध्ये दोरीनं वाजायची ती. ती त्यांनी कडीपाटाला टांगली, दोरी खाटेवरून ओढून भाऊंच्या डाव्या हाताशी आणली, खाली एक लाकडी मूठ बांधली. त्या दिवशी त्या फार खुशीत होत्या.

"मी येडी," मला म्हणाल्या. "चिमण्या अन् गाणे लावत बसली. यायनं जिंदगीभर हा आवाज ऐकला. ह्याच्यावर गाडी थांबवली अन् ह्याच्यावरच काढली. हे तं झोपेत ओळखतीन."

त्यांनी दोरी ओढली. टिंग. स्वच्छ, जुना आवाज घरभर फिरला.

भाऊंनी तो ओळखला. खरंच ओळखला; त्यांचा डावा पाय पांघरुणाखाली क्लच दाबल्यासारखा हलला. मग त्यांनी हातातल्या मुठीकडे पाहिलं, मूठ सोडून दिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाई ओसरीवर आल्या, आणि तेव्हा मी त्यांना घरी पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. पायरीवर, दोन्ही हात मोकळे.

"सर," त्या म्हणाल्या, "एक अर्ज लिहून द्या. नोकरी सोडतो म्हून. चांगल्या भाषेत लिहा."

"थोडं थांबू या ना, बाई."

"काहाले थांबाचं? तारा सगळ्या जुळून राह्यल्या. करंट येऊन राह्यला. मी सगळं तपासलं. ह्या माणसाले मले बलवाचंच नसन, तं त्याले कुठी डाग देऊ मी?"

मी अर्ज लिहिला नाही. उद्या देतो, म्हणालो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रफिकभाई आले. हे गल्लीच्या तोंडाशी राहायचे, स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवायचे. टेम्पोचा हॉर्न घोगरा झाला होता, तो काढूनच आणला होता. "भाभी, देखो जरा. म्हशीवानी खोकून राह्यला. लोकं बाजूला होत नाईत, हसतात."

बाईंना काही करायची इच्छा नव्हती. पण समोर बंद झाकण असलं की त्यांचा हात ऐकत नसे. त्यांनी हॉर्नचं झाकण बाजूला ठेवलं, गंज घासला, एक तार बदलली आणि मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीला जोडून बटण दाबलं. एकदम मोठा, भरडा हॉर्न वाजला. बाईंनी बोट तसंच दाबून ठेवलं. मन थाऱ्यावर नसलं की माणसाचं होतं तसं. हॉर्न कोकलतच राहिला.

आतून धाड्‌ असा आवाज आला.

आम्ही तिघं आत धावलो. भाऊ पडले नव्हते. डाव्या मुठीनं ते खाटेची पाटी बडवत होते. चेहरा लाल. तोंडातून नुसता घर्‌-घर्‌ आवाज, पण डोळ्यांत स्पष्ट संताप. बाईंच्या हातात अजून हॉर्न, बटण आणि बॅटरी तसंच लोंबत होतं. भाऊंनी त्याकडे बोट दाखवलं, मग बाईंकडे, आणि कपाळावर हात मारला. एखादा शिकाऊ पोरगा स्टिअरिंगवर बसलेला पाहून मुरलेल्या ड्रायव्हरनं मारावा तसा.

रफिकभाईंना सगळ्यात आधी कळलं. ते हसू लागले. "भाभी, ऐसा हॉर्न मारतात काय? भाई को गुस्सा आ गया!"

भाऊंनी हात पसरला. आण इकडे.

बाईंनी बटण त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा बसवला, थोडा दम घेतला, आणि वाजवलं. दोन छोटे, एक लांब. मग जरा थांबून आणखी एक छोटा.

"फाटा आला," बाई म्हणाल्या. इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. "फाट्यावर असाच मारत. शेतातले लोक धावत येत. म्हातारी कोणी दिसली का शेवटचा एक जास्तीचा. म्हंजे थांबलो हाय, धावू नको."

त्या खाटेच्या काठावर बसल्या. "मी कंडक्टर," त्या म्हणाल्या. आम्हाला नाही, भाऊंना. "माह्या हाताले घंटीची सवय. म्हून तुमच्या हातात घंटी देली. डायवर कधी घंटी मारते का? घंटी तं त्याले हुकूम. थांब म्हटलं का थांबाचं, चाल म्हटलं का चालाचं. अन् मी म्हणून राह्यली, वाजवा, वाजवा."

भाऊंनी हॉर्न वाजवला. एक छोटा. हो म्हटल्यासारखा.

रफिकभाई तो हॉर्न घेऊन गेले नाहीत. त्यांना दुसरा आणावा लागला.

हॉर्नचं बटण स्टिअरिंगच्या मध्यभागी असतं, म्हणून बाईंनी एका स्टीलच्या ताटाला मधोमध भोक पाडून त्यात ते बसवलं. ताट शकुंतलाबाईंचं होतं. भाऊ आता उशीला टेकून, मांडीवर ताट घेऊन बसायचे. बसायचे! जो माणूस पडून होता तो ताटासाठी उठून बसू लागला.

आणि मग गल्लीची झोप गेली. पाण्याला हॉर्न, चहाला हॉर्न, चहात साखर कमी पडली तर लांब हॉर्न. खिडकीखालून जाणारा सायकलवाला घाबरून गटारात उतरायचा. दूधवाला रोज एकदा मागे वळून बघायचा आणि रोज एकदा फसायचा. शकुंतलाबाई पिठाचे हात घेऊन दिवसातून कितीतरी वेळा धावत. "मुका होता तं बरा होता बाप्पा," त्या दारातूनच ओरडत. "आता काय पाह्यजे? उशी? उशीसाठी एवढा मोठा हॉर्न? मले वाटलं आगच लागली!" भाऊंच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात हसू यायचं. मग आणखी एक छोटा हॉर्न व्हायचा, निव्वळ बहिणीला चिडवायला.

अर्ज लिहायचा राहून गेला, तो राहूनच गेला.

बाई हजर व्हायच्या त्या सकाळी मी मुद्दाम कॉलेजला उशिरा निघालो. त्यांनी खाकी गणवेश घातला होता, खांद्यावर कातडी पिशवी, कानामागचा पेचकस तेवढा विसरून तसाच राहिलेला. गाडीची वेळ होत आली होती. पण बाई निघेनात. बॅटरीच्या तारा ओढून पाहिल्या. मग ताटाखालचा स्क्रू आवळला. मग म्हणाल्या, आवाज थोडा पडला वाटते. शकुंतलाबाईंनी सांगितलं, "पडला नाई, माह्ये कान पडले. जाय वं आता." बाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पाण्याचा तांब्या डाव्या हाताशी सरकवला. गोळ्या पुन्हा दाखवल्या. औषधाच्या वेळा शकुंतलाबाईंना पुन्हा सांगितल्या आणि त्यांनी पुन्हा "समजलं" म्हटलं. पुन्हा दार, पुन्हा आत. ओसरीवर एक उघडा रेडिओ होता. बाई चक्क त्याच्यापाशी वाकल्या.

"बाई," मी म्हणालो, "गाडी जाईल."

"जातो ना. एवढं एक झाकण..." त्या म्हणाल्या, पण त्यांच्या हातात झाकण नव्हतं. त्या नुसत्या वाकून उभ्या होत्या. पाठ आमच्याकडे.

तेवढ्यात आतून हॉर्न आला.

पाण्याचा नव्हता, चहाचा नव्हता. हा आम्ही आधी ऐकलेला नव्हता. तुटक, घाईचा, एकामागून एक, थांबायचं नाव नाही. शकुंतलाबाई घाबरून आत वळल्या. पण बाई एकदम सरळ झाल्या. पिशवी खांद्यावर सरसावली, आणि विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं, "आली, आली, आली!" आणि त्या पायऱ्या उतरून गल्लीतून धावत सुटल्या.

बसस्टँडवर हा हॉर्न सगळ्यांनी ऐकलेला असतो. गाडी भरलेली असते, वेळ झालेली असते, आणि कंडक्टर अजून खिडकीपाशी बोलत उभा असतो. तेव्हा ड्रायव्हर असा हॉर्न मारतो.

मीही त्याच रस्त्यानं निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी बाई मला थांबलेल्या दिसल्या. रफिकभाईंच्या टेम्पोला कमर टेकवून, पाय थोडे फाकवून उभ्या. घराच्या दिशेनं कान. हॉर्न अजून चालूच होता.

"ऐकून राह्यले ना, सर?" त्यांनी गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले आणि लगेच चेहरा वाकडा केला. "असेच हायेत पहिल्यापासून. मले चहा म्हून सुखानं पिऊ देला नाई ह्या माणसानं कधी."

मग त्या वळल्या आणि स्टँडकडे निघाल्या. झपझप, मागे न पाहता. हॉर्न थांबायची वाट त्यांनी पाहिली नाही.